स्टीअरिंग का कण्हते?

डॉक्टर रोग्याला तपासताना छातीला नळी लावून ऐकतात. चांगला मिस्त्रीही तसेच करतो. पाना हातात घेण्यापूर्वी तो गाडी सुरू करायला सांगतो, मान किंचित कलती करतो आणि कान देऊन ऐकतो. यंत्रे बोलतात, त्यांची भाषा मात्र शिकावी लागते. या लेखात त्या भाषेतले चार-पाच शब्द आपण शिकणार आहोत.

नागपुरात इतवारीच्या किंवा महालाच्या अरुंद गल्लीत एखादी जुनी मोटार वळवून घेणे चालले असेल तर जरा थांबा आणि ऐका. ड्रायव्हर स्टीअरिंगचे चाक एका टोकापर्यंत फिरवतो आणि बॉनेटखालून आवाज येतो : ऊंऽऽऽ! कधी कण्हल्यासारखा, कधी किंचाळल्यासारखा. चाक सरळ केले की आवाज कमी होतो, पुन्हा वळवले की पुन्हा येतो. हा आवाज कोण करते? तो घरच्या घरी थांबवता येईल का? की तो एखाद्या मोठ्या बिघाडाची पूर्वसूचना आहे?

तेलाचे हात

उभ्या मोटारीची पुढची चाके वळवणे हे सोपे काम नाही. गाडीचे वजन चाकांवर असते आणि टायरचे रबर रस्त्याला घट्ट धरून बसते. गाडी चालती असली तर चाक घरंगळत घरंगळत वळते. उभी असली तर ते जागच्या जागी घासत वळवावे लागते. जुन्या मालमोटारींचे ड्रायव्हर उभे राहून दोन्ही हातांनी चाक ओढत, ते याच कारणाने.

या कामात तेलाची मदत घेण्याची युक्ती फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअराने यशस्वी करून दाखवली. तो मालमोटारींच्या कारखान्यात काम करीत असे. १९२६ साली त्याने आपले तेलाच्या दाबावर चालणारे स्टीअरिंग एका मोटारीवर बसवून दाखवले. पण सामान्य ग्राहकाला अशी मोटार विकत मिळायला १९५१ साल उजाडावे लागले. ती क्रायस्लर कंपनीची इम्पीरिअल ही गाडी होती. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथे मोटारींची स्टीअरिंग-यंत्रणा बनवणारा कारखाना आहे. ती कंपनी १९८१ साली स्थापन झाली.

या युक्तीच्या मुळाशी तुमच्या पुस्तकातला पास्कलचा नियम आहे. बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोचतो. आता थोडे गणित करू. समजा, पंपाने तेलाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या ८० पट केला, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ८० किलोग्रॅम. हे तेल ८ चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर रेटले, तर जोर किती मिळेल? ८० × ८ = ६४० किलोग्रॅम वजनाइतका! म्हणजे आठ-दहा माणसे गाडीची चाके वळवायला खाली वाकून बसली आहेत असे समजा. तुमचा हात त्यांना फक्त दिशा सांगतो.

ती दिशा सांगण्याची सोयही मोठी गमतीची आहे. स्टीअरिंगच्या दांडीत एक बारीक पोलादी सळई असते. तुम्ही चाक फिरवले की टायर विरोध करतो आणि ती सळई किंचित पिळली जाते. तेवढ्या पिळाने एक झडप उघडते आणि तेल दट्ट्याच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला धावते. पीळ सुटला की झडप पूर्ववत होते. म्हणून सरळ रस्त्यावर पंप जवळजवळ रिकामाच फिरतो आणि वळताना मात्र त्याला खरे काम पडते. आवाज वळतानाच का वाढतो, याचे अर्धे उत्तर तुम्हाला येथेच मिळाले.

पंपाचा सूर

पंप इंजिनाच्या पुढच्या बाजूला असतो आणि रबरी पट्ट्याने फिरतो. त्याच्या आत एक फिरकी असते. फिरकीच्या खाचांत पातळ पोलादी पाती बसवलेली असतात. पुष्कळ पंपांत ती १० असतात. फिरकी फिरू लागली की पाती बाहेर सरकून लंबवर्तुळाकार भिंतीला टेकतात. दोन पात्यांमधली जागा आधी मोठी होते, तेव्हा तेल आत शोषले जाते. मग लहान होते, तेव्हा तेल दाबाने बाहेर ढकलले जाते.

आता आवाजाचा विचार करा. इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत आहे आणि पंपही तेवढेच फेरे घेत आहे असे मानू. म्हणजे सेकंदाला १५ फेरे. प्रत्येक फेऱ्याला १० पात्यांचे १० ठोके. एकूण सेकंदाला १५० ठोके. कानाला हे ठोके वेगळे ऐकू येत नाहीत; त्यांचा सलग सूर बनतो. तो पुरुष गायकाच्या षड्जाच्या आसपासचा असतो. ॲक्सिलरेटर दाबून फेरे ३,००० केले तर ठोके होतात ५०० आणि सूर चढतो. चांगल्या पंपात हा सूर इतका हलका असतो की इंजिनाच्या आवाजात बुडून जातो.

यातून तपासाचे पहिले सूत्र मिळते. आवाजाची पट्टी इंजिनाच्या वेगाबरोबर चढत असेल, तर संशय पंपावर किंवा पट्ट्यावर घ्यावा. गाडी चालू लागल्यावर चाकांच्या वेगाबरोबर आवाज बदलत असेल, तर दोष चाकांत किंवा बेअरिंगमध्ये असण्याचा संभव अधिक. तेथे तेल बदलून काही साधणार नाही.

आवाजांची बाराखडी

किंचाळी : गाडी सुरू करताच किंवा चाक पूर्ण वळवताच ‘चीऽऽ’ असा तीक्ष्ण आवाज आला, तर तो बहुधा पट्ट्याचा. पट्टा सैल झाला किंवा घासून गुळगुळीत झाला की कप्पीवर घसरतो.

कण्हणे : ‘ऊंऽऽ’ असा जड, रडवा आवाज म्हणजे तेल कमी झाले आहे किंवा तेलात हवा शिरली आहे.

फुसफुस : चाक अगदी शेवटपर्यंत नेल्यावर येणारा ‘सूंऽ’ आवाज थोडा असेल तर तो दोष नव्हे. प्रेशर कुकरच्या शिटीप्रमाणे येथेही जादा दाब सोडून देणारी झडप असते. तिच्यातून तेल जोराने निसटते त्याचा हा आवाज.

खटखट : खड्ड्यातून जाताना किंवा चाक वळवताना ‘खट्’ असा आवाज आला, तर तो तेलाचा नाही. सांधे, गोळे किंवा पकडीचे नट ढिले झाल्याचे ते लक्षण आहे. स्टीअरिंगचा सांधा निसटला तर गाडी ताब्यात राहत नाही. अशी गाडी विनाविलंब मिस्त्रीकडे न्यावी.

खरा गुन्हेगार : बुडबुडा

या सर्वांत नेहमी भेटणारा आवाज कण्हण्याचा. त्याचा गुन्हेगार आहे साधा बुडबुडा. तो कोठून येतो, हे तुम्ही घरीच पाहू शकता.

प्रयोग १ : सुई नसलेली नवी पिचकारी, म्हणजे डॉक्टरांची सिरिंज घ्या. तिच्यात थोडे सोडावॉटर ओढा आणि आतली हवा बाहेर काढून टाका. तोंडावर बोट घट्ट धरून दट्ट्या मागे ओढा. पाहा, द्रवात बुडबुड्यांची झुंबड उडते! द्रवात विरघळलेला वायू दाब कमी होताच बाहेर पडतो. दट्ट्या सोडला की बरेचसे बुडबुडे आक्रसतात.

स्टीअरिंगच्या तेलातही हवा विरघळलेली असते. खनिज तेलात साधारणपणे त्याच्या आकारमानाच्या ९ टक्क्यांच्या आसपास हवा डोळ्यांना न दिसता सामावलेली असते. पंप तेल शोषतो तेव्हा त्याच्या तोंडाशी दाब कमी होतो. नळी चोंदली असेल किंवा तेल फार दाट असेल, तर तो आणखी कमी होतो आणि पिचकारीतल्याप्रमाणे बुडबुडे फुटू लागतात. पुढे हेच बुडबुडे दाबाच्या बाजूला ढकलले जातात. बॉइलचा नियम आठवा : दाब ८० पट झाला तर बुडबुड्याचे आकारमान ऐंशीव्या हिश्शाइतके होणार. हा बदल एका क्षणात होतो. बुडबुडा कोसळतो आणि आजूबाजूचे तेल त्या जागी आदळते. अशा हजारो टकरींचा मिळून तो कण्हण्याचा आवाज होतो.

बुडबुड्यांनी मोठमोठ्या इंजिनिअरांनाही छळले आहे. इंग्लंडच्या चार्ल्स पार्सन्स याने १८९४ साली टर्बाइनवर चालणारी ‘टर्बिनिया’ ही नौका पाण्यात सोडली, तेव्हा तिचा पंखा इतक्या वेगाने फिरे की त्याच्याभोवती पाण्यात पोकळ्या निर्माण होत आणि नौकेला हवा तेवढा वेग येत नसे. पंख्यांची रचना बदलून त्याने हा प्रश्न सोडवला. कोसळत्या पोकळीत दाब किती प्रचंड वाढू शकतो, याचे गणित लॉर्ड रॅले याने १९१७ साली मांडले. हे कोसळणे धातूच्या पृष्ठभागाजवळ होत राहिले, तर धातूवर बारीक खळगे पडतात. म्हणजे कण्हणारा पंप दुर्लक्षित ठेवला तर तो हळूहळू स्वतःलाच खात असतो.

हवा बाहेरूनही शिरते. येथे एक मोठी फसवी गोष्ट आहे.

प्रयोग २ : सरबत पिण्याच्या नळीला वरच्या भागात, द्रवाच्या पातळीच्या वर, टाचणीने एक भोक पाडा आणि सरबत ओढा. भोकातून सरबत बाहेर सांडत नाही. उलट हवा आत येते आणि नळीत गुडगुड होते.

पंपाच्या शोषण्याच्या बाजूच्या नळीचेही असेच होते. तेथे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. नळीची क्लिप सैल झाली किंवा तिथली रबरी ओ-रिंग कडक झाली, की हवा आत ओढली जाते; पण जमिनीवर तेलाचा डाग पडेलच असे नाही. ‘गळती नाही, तेल भरलेले आहे, तरी आवाज का?’ या कोड्याचे उत्तर पुष्कळदा या छोट्याशा रिंगमध्ये असते. पंपच बदलावा लागेल असे वाटत असताना काम एका रिंगवर भागते, ते असे.

प्रयोग ३ : एक लहान व एक मोठी अशा दोन पिचकाऱ्या सलाइनच्या नव्या नळीने जोडा आणि सगळीकडे पाणी भरा. एक दट्ट्या दाबला की दुसरा तत्काळ उठतो. आता मुद्दाम थोडी हवा आत राहू द्या आणि पुन्हा दाबा. दट्ट्या स्प्रिंगसारखा लवचिक लागतो आणि दुसरा उशिरा उठतो. हवा शिरलेले स्टीअरिंगही असेच झटके देते.

नागपूरचे ऊन आणि तेल

नागपूरच्या हवेत दोन टोके असतात. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तर २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. दोन्ही टोके तेलाला जाचतात.

तेल थंड झाले की त्याची श्यानता, म्हणजे दाटपणा, वाढते. मग पहाटे गाडी सुरू करताच पंपाला घट्ट मध ओढावा तसे तेल ओढावे लागते. शोषणाच्या बाजूला दाब कमी होतो आणि पंप काही क्षण कण्हतो. मिनिटा-दोन मिनिटांत तेल कोमट होऊन आवाज थांबला तर काळजी नको.

उन्हाळ्यात उलटे होते. स्टीअरिंगचे नेहमीचे तेल ४० अंशांवर जेवढे दाट असते, त्याच्या साधारण एक-पंचमांश दाटपणा १०० अंशांवर उरतो. पातळ तेल पात्यांच्या फटींतून निसटते. शिवाय वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते व त्याला चिरा जातात.

त्यातच ड्रायव्हरची एक सवय भर घालते, ती म्हणजे चाक शेवटपर्यंत वळवून तसेच धरून ठेवणे. तेव्हा दट्ट्या हलत नाही आणि पंपाचे सर्व तेल सुटकेच्या झडपेतून फिरत राहते. केलेल्या कामाचे काय होते? त्याची उष्णता होते. पंप सेकंदाला १०० घन सेंटीमीटर तेल ८० वातावरण दाबाने ढकलत असेल, तर ती शक्ती सुमारे ८०० वॅट भरते. म्हणजे एक विजेची इस्त्री तेलात बुडवून ठेवल्यासारखेच! यंत्रणेत लिटरभर तेल असेल तर ते दर दोन सेकंदांना सुमारे १ अंशाने तापेल. म्हणून टोकाला पोचलेले चाक जरासे मागे घ्यावे. पाच सेकंदांहून अधिक काळ टोकाला दाबून धरू नये.

घरी काय करता येईल?

पुढची कामे घरातल्या वाहन हाताळणाऱ्या मोठ्या माणसाने करावीत; तुम्ही निरीक्षक व नोंदणीस व्हा. आधी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका वाचा. आजच्या बहुतेक नव्या लहान गाड्यांत तेलाऐवजी विजेची मोटर स्टीअरिंगला मदत करते. ही पद्धत जपानच्या सुझुकी कंपनीने १९८८ साली आपल्या सर्वो या छोट्या गाडीत प्रथम आणली. अशा गाडीत तेलाचा डबा शोधूनही सापडणार नाही! पण जुन्या मोटारी, जीप, ट्रॅक्टर, मालमोटारी आणि बसगाड्या यांत तेलाची पद्धत अजून पुष्कळ दिसते.

१. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक लावा, मागच्या चाकांना विटा लावा, इंजिन बंद करा आणि थंड होऊ द्या.

२. तेलाच्या डब्याचे झाकण उघडण्याआधी ते स्वच्छ पुसा. धुळीचा एक कणसुद्धा पंपाच्या पात्यांना ओरखडे पाडतो.

३. पातळी पाहा. गरम व थंड तेलासाठी वेगवेगळ्या खुणा असतात. पांढऱ्या कापडावर एक थेंब घेऊन रंग पाहा. लाल तेल स्वच्छ लाल दिसत असेल तर ठीक. काळपट असून जळका वास येत असेल तर ते जुने झाले. फेसाळ, दुधाळ दिसत असेल तर हवा शिरली आहे.

४. तेल कमी असेल तर पुस्तिकेत सांगितलेलेच तेल खुणेपर्यंत भरा. ब्रेकचे तेल कधीही घालू नये. त्याने येथील रबरी सील फुगून निकामी होतात.

५. इंजिन बंद असतानाच पट्टा तपासा. चिरा, चकाकी, तेलाचे डाग आहेत का? जुन्या पद्धतीचा पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबल्यास साधारण एक सेंटीमीटर दबतो. नक्की आकडा पुस्तिकेत मिळेल. फिरत्या पट्ट्याजवळ बोटे, ओढणी, सैल बाही किंवा लांब केस नेऊ नयेत.

६. शोषणाच्या नळीच्या क्लिपा पेचकसाने हलक्या हाताने आवळा. नळी कडक झाली असेल तर ती आणि तिची रिंग बदलून घ्या.

७. आता हवा बाहेर काढणे. पुढची चाके उचलून गाडी भक्कम स्टँडवर ठेवावी लागते. नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये आणि गाडीखाली कोणी शिरू नये. इंजिन बंद ठेवून एकाने स्टीअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवावे. दुसऱ्याने डब्यात पाहावे : बुडबुडे वर येतील, पातळी उतरेल, तशी भर घालावी. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून तेच पुन्हा करावे. घाई केली तर तेल घुसळले जाते आणि ताकासारखा फेस होतो.

तेल काळे असेल तर ते सगळे एकदम काढणे घरी अवघड असते. त्यावर सोपी युक्ती अशी : मोठ्या पिचकारीने फक्त डब्यातले तेल काढा, नवे भरा, गाडी दोन-चार दिवस चालवा आणि पुन्हा तेच करा. डब्यात एकूण तेलाचा एक-तृतीयांश भाग मावत असेल, तर पहिल्या वेळेनंतर जुने तेल दोन-तृतीयांश उरेल. पाच वेळा केल्यावर? दोन-तृतीयांश पाच वेळा गुणा. उत्तर ३२/२४३, म्हणजे सुमारे १३ टक्के. घातांकाचे गणित असे गॅरेजातही भेटते!

कोठे थांबावे?

भरलेले तेल आठवडाभरात पुन्हा उतरले, स्टीअरिंग जड झाले, किंवा इतके करूनही आवाज गेला नाही, तर घरचा उपाय संपला असे समजावे. नुसती भर घालत राहणे म्हणजे ताप उतरवून रोग दडवणे होय. गळणारे तेल गरम एक्झॉस्टवर पडले तर पेटूही शकते. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवा : दाबाच्या नळीची गळती हाताने चाचपू नये. सूक्ष्म छिद्रातून निघणारी तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीत सुईसारखी शिरू शकते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरतात, तोही मिस्त्रीच्या हाताने.

काढलेले जुने तेल नालीत ओतू नका. नागपूरच्या नाल्यांचे पाणी नाग नदीत जाते, नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. आणि वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. तुमच्या अंगणातला तेलाचा वाडगा इतका लांबचा प्रवास करू शकतो. तेल झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजात द्या. तेथे जळके तेल पिंपात साठवून शुद्धीकरणासाठी देतात.

विचार करा

१. पंपाला ८ पाती असतील आणि तो मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला किती ठोके पडतील?

२. सारखेच खाद्यतेल दोन बाटल्यांत अर्धे भरा. एक थंड ठेवा, दुसरी उन्हात. दोन्ही सारख्या जोराने हलवा. कोणत्या बाटलीतले बुडबुडे आधी वर येतात, आणि का?

३. उन्हाळ्याच्या दुपारी कण्हणारी आणि हिवाळ्याच्या पहाटे कण्हणारी अशा दोन गाड्या तुमच्याकडे आल्या. दोघींना तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचाराल?